अंगण वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आम्हां शिक्षकमंडळींच्या तोंडी तर ती वरचेवर असते. अंगी कौशल्य नसले म्हणजे मनुष्य साधनांना दोष देतो, हा तिचा आशय. म्हण खरी आहे, यात शंका नाही. परंतु एखादे वेळी अंगण खरोखरीच वाकडे असते आणि नाचणाऱ्याला उगाच बोल लागतो. आजच्या भाषणात मला त्या वाकड्या अंगणाविषयी, आणि ते वाकडे आहे हे प्रथम ओळखणाऱ्या माणसांविषयी बोलावयाचे आहे.

श्रोतेहो, आरंभी माझ्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी उत्तरे चोख. परंतु लेखी परीक्षेत पेपर नेहमी अपुरा राहावयाचा आणि अक्षर ओळ सोडून खाली घसरावयाचे. आमच्या वर्गात उजव्या हाताशी लिहिण्याची फळी जोडलेल्या खुर्च्या होत्या आणि हा मुलगा डावखुरा होता. लिहिताना त्याला कमरेतून वळून बसावे लागे. कोपर अधांतरी राही. मी मात्र वर्षभर त्याला ‘नीट बस, अक्षर सुधार’ असे बजावीत राहिलो. एके दिवशी परीक्षेच्या वेळी त्याने डाव्या बाजूची रिकामी खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या फळीवर आपला पेपर ठेवला. ती फळी नेमकी त्याच्या डाव्या कोपराखाली आली. त्या दिवशी त्याने सर्व प्रश्न सोडवले, आणि अक्षरही सरळ आले. मी वर्षभर ज्याला मुलाचा दोष समजत होतो, तो खुर्चीचा दोष होता.

ही गोष्ट लहान आहे. परंतु जगाच्या इतिहासात याच प्रकारच्या गैरसमजापायी माणसांचे प्राण गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हवाई दलाकडे बी-१७ नावाची प्रचंड बाँबफेकी विमाने होती. या विमानांच्या बाबतीत एक चमत्कारिक अपघात पुनःपुन्हा घडू लागला. विमान शत्रूच्या प्रदेशावरून सुखरूप परत यावे, धावपट्टीवर व्यवस्थित उतरावे, आणि उतरून झाल्यावर वैमानिकाने त्याची चाके आपल्याच हाताने पोटात ओढून घ्यावीत! विमान धाडकन पोटावर आदळे. अशा प्रत्येक अपघाताच्या कागदावर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे आणि प्रकरण मिटे. उपाय म्हणून वैमानिकांना अधिक कडक शिक्षण द्यावे, अधिक दक्ष राहण्याची ताकीद द्यावी, असेच सर्वांना वाटे.

१९४३ च्या सुमारास ओहायो राज्यातील राइट फील्ड येथील प्रयोगशाळेत अल्फॉन्स चॅपॅनिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ दाखल झाला. माणसाच्या हातून चुका होतात हे त्याला ठाऊक होते. परंतु तीच चूक त्याच ठिकाणी इतक्या जणांच्या हातून का व्हावी, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. तो विमानाच्या चालकक्षात जाऊन बसला आणि उत्तर समोरच दिसले. चाके आत घेण्याची कळ आणि पंखांचे पडदे, म्हणजे फ्लॅप, मिटण्याची कळ या दोन्ही शेजारी शेजारी होत्या, आणि आकाराने सारख्या होत्या. उतरल्यानंतर पडदे मिटावयाचे असत. दीर्घ उड्डाणाने थकलेला माणूस सवयीने हात पुढे करी, आणि हात शेजारच्या कळीवर पडे. ज्या सी-४७ विमानांत या दोन कळा एकमेकींपासून दूर व वेगळ्या होत्या, तेथील वैमानिक ही चूक करीत नसत. चूक वैमानिकाची असती, तर विमान बदलल्याने ती नाहीशी झाली नसती.

चॅपॅनिसचा उपाय पाहा किती साधा होता. चाकांच्या कळीवर त्याने रबराचे लहानसे चाक बसवले, आणि पडद्यांच्या कळीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता अंधारातही, डोळे मिटूनही, आपल्या बोटांखाली काय आहे हे हाताला कळू लागले, आणि ते अपघात थांबले. आजही विमानांतील चाकांची मूठ चाकासारखी आणि पडद्यांची मूठ पंखासारखी करण्याचा जो नियम आहे, त्याचे मूळ येथे आहे.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, त्याच राइट फील्ड येथील पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोन संशोधकांनी कळा हाताळताना वैमानिकांकडून झालेल्या ४६० चुकांची छाननी केली. सुमारे निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी ओढल्याने झालेल्या होत्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळी धाडसाचा होता. ‘वैमानिकाची चूक’ म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांपैकी पुष्कळशा चुका वस्तुतः यंत्राच्या रचनेत दडलेल्या असतात, आणि रचना बदलून त्या टाळता येतात, असे त्यांनी सांगितले.

यानंतर तीनच वर्षांनी, १९५० साली, गिल्बर्ट डॅनिअल्स नावाच्या तरुणाने ४,०६३ वैमानिकांच्या शरीराची मापे घेण्याच्या कामात भाग घेतला. चालकक्ष ‘सरासरी’ मापाच्या माणसासाठी बांधलेले होते. उंची, छाती, बाहूंची लांबी अशी दहा मापे निवडून, या सर्व दहा बाबतींत सरासरीच्या जवळपास येणारे वैमानिक किती, हे त्याने मोजले. उत्तर आले : एकही नाही. जो माणूस मनात धरून आसन बांधले होते, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. तेव्हा पुढे-मागे, वर-खाली सरकणारी आसने आणि लांबी कमीजास्त करता येणारे पट्टे यांचा आग्रह धरण्यात आला. आज आपल्या मोटारगाडीची बैठक पुढे-मागे सरकते, तिच्यामागेही हाच विचार आहे. माझ्या वर्गातील खुर्च्याही अशाच एका सरासरी विद्यार्थ्यासाठी केलेल्या होत्या.

लष्करात हे चालले असता बाजारपेठेतही हीच दृष्टी निराळ्या वाटेने येत होती. न्यूयॉर्कमधील हेन्री ड्रेफस हा मूळचा रंगभूमीचा नेपथ्यकार. १९३० च्या सुमारास बेल टेलिफोन कंपनीने काही कलावंतांना भावी टेलिफोनचे चित्र काढून देण्यासाठी प्रत्येकी १,००० डॉलर देऊ केले. ड्रेफसने ते नाकारले. टेलिफोनचे रूप बाहेरून रंगवता येत नाही. आतील यंत्र करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर प्रारंभापासून बसू द्याल तरच मी काम करीन, असे त्याचे म्हणणे होते. कंपनीने प्रथम नकार दिला. पुढे मात्र त्यालाच बोलावले. १९३७ व १९४९ सालचे जे टेलिफोन अमेरिकेत घरोघरी पोहोचले, ते या सहकार्यातून निर्माण झाले. रचनाकाराला शेवटी रंग द्यावयास बोलवावयाचे की आरंभी विचार करावयास, हा वाद आजही कारखान्या-कारखान्यांत चालू आहे. आणि ड्रेफसने दिलेले उत्तर आजही तितकेच समर्पक आहे.

ड्रेफसची आणखी एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. आयोवा राज्यातील सू सिटी या गावी एक नवे, वैभवशाली चित्रपटगृह बांधले होते. चित्रपट उत्तम, दर कमी, परंतु लोक येईनात. कारण शोधण्यासाठी ड्रेफसला पाचारण करण्यात आले. तो दारापाशी उभा राहून लोकांचे बोलणे ऐकत राहिला. आसपासचे शेतकरी दारापर्यंत येत, आतील उंची तांबडा गालिचा पाहत, आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहत, आणि परत फिरत. ड्रेफसने गालिचा काढून तेथे साधी रबरी चटई अंथरली. लोक येऊ लागले. चित्रपटगृहात उणीव कसलीच नव्हती. उणीव होती ती आत येणाऱ्याच्या मनातील संकोच ओळखण्याची.

बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाने हेच काम शास्त्रीय पायावर आणले. नव्या टेलिफोनमध्ये तबकडीवरील आकडे बोटांच्या भोकांतून काढून बाहेरच्या बाजूस मोठे छापले होते. दिसावयास ते अधिक स्पष्ट. परंतु लोक आकडे फिरवण्यास अधिक वेळ घेऊ लागले! रिकाम्या भोकात बोटाला नेम धरावयास काहीच उरले नव्हते. प्रत्येक भोकाखाली एक पांढरा ठिपका देताच पूर्वीचा वेग परत आला. पुढे तबकडी जाऊन बटणे आली, तेव्हा ती वर्तुळात मांडावीत, आडव्या ओळींत मांडावीत की आणखी कशी, याच्या अनेक मांडण्या लोकांच्या हाती देऊन पाहण्यात आल्या. १९६३ च्या नोव्हेंबरात जो बटणांचा टेलिफोन बाजारात आला, त्यावरील १-२-३ पासून सुरू होणारी मांडणी आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील फोनवर आहे.

ही सर्व हकीकत परदेशची झाली. आपल्याकडे काय घडले? १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य येथे आले. देशभर हिंडून त्यांनी जो अहवाल लिहिला, त्यात सर्वांत अधिक गौरव केला तो आपल्या लोट्याचा. पाणी भरताना, ओतताना, काखेस वा डोक्यावर घेताना हाताला काय हवे आणि तोल कसा राहावा, याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत होत हे भांडे घडले, असे त्यांनी दाखवून दिले. कोणा एका कारागिराचे नाव त्यावर नाही. घरातील बाई तक्रार करी, कासार तिचे ऐके आणि पुढचे भांडे किंचित सुधारे. कासार आणि गिऱ्हाईक एकाच गावात राहत होते तोवर हे आपोआप घडत होते. वस्तू दूरच्या कारखान्यात होऊ लागली तेव्हा ऐकणारा कान नाहीसा झाला. तो कान पुन्हा कारखान्यात नेऊन बसवणे, हेच या नव्या व्यवसायाचे काम होय. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, आणि १९६९ साली मुंबईच्या पवई येथील आयआयटीत औद्योगिक रचनेचे केंद्र स्थापन झाले.

परंतु ऐकणारा कान पदवीनेच येतो असे नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या ध्यानात आले की पाय गमावलेल्यांना पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय दिला, तरी पुष्कळजण तो घरी नेऊन टाकून देतात आणि पुन्हा कुबड्या घेतात. रोगी अडाणी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. सेठींनी तसे केले नाही. तो पाय बूट घालणाऱ्यासाठी व खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता; आपल्या शेतकऱ्यास अनवाणी चिखलात उतरावयाचे असते, उकिडवे बसावयाचे असते, जेवावयास मांडी घालावयाची असते. रामचंद्र शर्मा नावाचे एक कुशल कारागीर, ज्यांचे शालेय शिक्षण अगदी अल्प होते, त्यांच्या सहकार्याने १९६८ च्या सुमारास रबराचा, पायासारखाच दिसणारा, वाकणारा आणि पाण्यास न डरणारा असा ‘जयपूर फूट’ तयार झाला. १९८१ साली सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टाकून दिलेला पाय हीच रोग्याची तक्रार होती. सेठींनी ती वाचली.

याहून मोठी कसोटी लोकशाहीची होती. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मतदार होते सुमारे १७ कोटी, आणि देशातील साक्षरता शेकडा १८ च्या आसपास. ज्याला वाचता येत नाही त्याने मत द्यावे कसे? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवली आणि तिच्यावर बैल, झोपडी, दिवा अशा ओळखीच्या वस्तूंचे चित्र लावले. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या चित्राच्या पेटीत टाकावी, एवढेच. या पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या मुंबईस विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. मतदार अज्ञ आहे म्हणून त्याचा हक्क लांबणीवर टाकण्याऐवजी पद्धतच त्याच्या आवाक्यात आणली गेली, हे आपल्या प्रजासत्ताकाचे भूषण समजले पाहिजे.

मात्र याच निवडणुकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मतदारयाद्या करताना अनेक स्त्रियांनी परक्या माणसास आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. नमुन्यात नावाची जागा होती. नात्याला जागा नव्हती. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. नावाचा आग्रह योग्यच होता, यात वाद नाही. आणि पुढील निवडणुकीपर्यंत तो बव्हंशी साध्यही झाला. परंतु कागदाचा एक रकाना माणसाला केवढे दूर ठेवू शकतो, हे ध्यानात घ्यावे.

पुढे १९६० नंतर एकच मतपत्रिका व शिक्का ही पद्धत आली. तो बाणांच्या फुलीचा शिक्काही विचारपूर्वक केलेला आहे. पत्रिकेची घडी घालताना ओली शाई दुसऱ्या बाजूस उमटली, तरी खरा ठसा कोणता आणि उलटा उमटलेला कोणता, हे ओळखता यावे अशी त्याची आकृती आहे. मग यंत्र आले. आपल्या हैदराबादेतील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने ही यंत्रे केली. केरळातील परवूर येथे १९८२ साली ५० केंद्रांवर त्यांचा प्रथम उपयोग झाला, आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत. यंत्राचे बाह्य स्वरूप ठरवण्यात पवईच्या केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा आहे. नावे आणि चिन्हे जुन्या मतपत्रिकेप्रमाणेच एकाखाली एक. प्रत्येकासमोर एक निळे बटण. दाबले की तांबडा दिवा आणि लांब शिट्टी. जे नवे होते ते जुन्याच्या वेषात आले, म्हणून खेड्यातील म्हातारीसही ते परके वाटले नाही. पुढे यंत्रावरील विश्वासाचा प्रश्न निघाला, तेव्हा आपले मत कोणास गेले हे दाखवणारी चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसण्याची सोय २०१३ पासून करण्यात आली. हाताला सोपे असणे पुरेसे नाही, मनालाही खात्री वाटली पाहिजे, हा त्यातील धडा.

आता कोणी म्हणेल, माणसाविषयी कळवळा असला की झाले. दुर्दैवाने तसे नाही. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लॉरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदार पुष्कळ, म्हणून अक्षरे मोठी करावीत असे एका अधिकाऱ्याने सद्‌हेतूने ठरवले. अक्षरे मोठी केल्याने नावे एका पानावर मावेनात; ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि भोके मध्ये आली. डाव्या पानावरील दुसरे नाव अल गोर यांचे, परंतु दुसरे भोक होते उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे. परिणामी त्या परगण्यात १९,००० हून अधिक मतपत्रिका दोन ठिकाणी भोके पडल्याने बाद झाल्या, आणि संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे २,००० हून अधिक मते गोर यांच्याऐवजी ब्युकॅनन यांना चुकून गेली. साऱ्या राज्यात जयपराजयाचे अंतर होते ५३७ मतांचे. मतपत्रिका छापण्यापूर्वी ती दहा-वीस वृद्धांच्या हाती देऊन शांतपणे पाहत बसणारे कोणी असते, तर इतिहास कदाचित निराळा झाला असता. सद्‌हेतू हवाच, परंतु त्याची परीक्षा वापरणाऱ्याच्या हाती घेतली पाहिजे.

चॅपॅनिस, ड्रेफस, कार्लिन यांच्या या परंपरेला आज एक लांबलचक नाव मिळाले आहे. १९९३ साली ॲपल कंपनीत रुजू झालेले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी आपल्या पदनामात ‘युजर एक्स्पीरिअन्स’ हे शब्द घेतले, आणि तेव्हापासून ‘वापरकर्त्याच्या अनुभवाची रचना’ हा स्वतंत्र व्यवसाय मानला जाऊ लागला. नाव नवे, रीत जुनीच. वापरणाऱ्यापाशी जाऊन बसावे. तो काय बोलतो यापेक्षा त्याचा हात कोठे अडतो ते पाहावे. स्वस्तातला कच्चा नमुना करून त्याच्या हाती द्यावा. तो चुकला तर त्याला न शिकवता, नमुना सुधारावा. आणि हे सर्व साचे पडण्यापूर्वी, यंत्रे सुरू होण्यापूर्वी करावे, कारण तेव्हा चूक दुरुस्त करावयास एक पेन्सिल पुरते, नंतर लाखो रुपये पुरत नाहीत.

श्रोतेहो, आज बँकेच्या यंत्रासमोर, रेल्वेच्या तिकिटाच्या पडद्यासमोर किंवा नातवाने दिलेल्या फोनसमोर आपल्यातील अनेक वडीलधारी माणसे गोंधळून उभी असतात. पाठीमागची रांग कुरकुरते, आणि ती माणसे ओशाळून म्हणतात, ‘आम्हांला मेलं काही येत नाही.’ ज्यांनी जन्मभर संसार केले, हिशेब राखले, शेते पिकवली, त्यांना एकाएकी काही येईनासे कसे झाले? पुढच्या खेपेस असे दृश्य दिसले, तर आपण त्या माणसाकडे पाहण्याआधी एकवार त्या यंत्राकडे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

राहता राहिली माझ्या वर्गाची गोष्ट. पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सुताराकडून दोन खुर्च्यांच्या फळ्या डावीकडे बसवून घेतल्या. एका दुपारचे काम होते, आणि मजुरीही फारशी पडली नाही. जून महिन्यात वर्ग भरला तेव्हा त्यांवर दोन नव्या मुली येऊन बसल्या आणि सरळ बसून लिहू लागल्या. ज्याने मला हे शिकवले, तो मुलगा मात्र तोवर दुसऱ्या गावी निघून गेला होता.